'बिचेस ब्रू' : आठ महिने ऐकल्यानंतर

अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' ही रेकॉर्ड मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. त्याच भरवशावर आठ महिन्यांपूर्वी त्याच्याच 'बिचेस ब्रू'ची दोन तबकड्यांची एलपी घेतली, आणि पहिल्या रात्री एक बाजूसुद्धा पुरी ऐकवली नाही. इलेक्ट्रिक पियानो एकाहून जास्त, इलेक्ट्रिक गिटार, दोन-दोन ड्रमसेट, आणि ज्याच्यासाठी पैसे मोजले तो ट्रम्पेट मधेच कितीतरी वेळ गप्प. पाकिटात घालून ठेवून दिली. आज घरात सगळ्यांत जास्त तीच वाजते, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिल्या बाजूवर 'फेरोज डान्स' आहे, वीस मिनिटांचा. त्यात नवव्या मिनिटाच्या आसपास एक इवलासा तुकडा लागोपाठ पुन्हा पुन्हा येतो. मला वाटलं, सुई अडकली. तबकडी पुसली, सुई तपासली, पुन्हा लावली. पुन्हा तिथेच तेच. शेवटी फोनवर ऐकून बघितलं तर तिथेही तसंच! मग वाचल्यावर कळलं की ही निर्माता टिओ मासेरोची कात्री. स्टुडिओत तासन् तास टेप फिरत ठेवायची आणि नंतर फीत कापून, जोडून रचना उभी करायची. त्या दिवसापासून माझं ऐकणंच बदललं. आता तो सांधा जवळ आला की हातातलं काम थांबतं.

ध्वनिमुद्रण १९ ते २१ ऑगस्ट १९६९, न्यूयॉर्कमध्ये, वूडस्टॉकचा गाजलेला रॉक संगीत मेळा संपला त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून. माइल्स ४३ वर्षांचा होता. विशीच्या आत जॅझमधला थोर सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर याच्या शेजारी उभा राहून वाजवलेला माणूस. नाव, मान, सगळं पदरात पडलेलं. तरी त्याने नव्या पोरांना गोळा केलं, हातात पुरती लिहिलेली रचना न देता थोड्याशा खुणा दिल्या आणि वाजवायला लावलं. १९७० साली रेकॉर्ड आली तेव्हा जॅझवाल्यांतले बरेच जण म्हणाले की हा रॉकच्या बाजारात गेला. मला हे पटत नाही. बाजारासाठी काढलेल्या रेकॉर्डचं शीर्षकगीत सत्तावीस मिनिटांचं नसतं.

एक सांगतो, फोनच्या स्पीकरवर ही ऐकू नका. खालचे सूर सगळे गळून पडतात आणि उरतो तो नुसता गोंगाट. मी हेडफोन लावले तेव्हा कुठे बेनी मॉपिनचा बेस क्लॅरिनेट सापडला. तळाशी, लाकडी, जरा घोगरा. ट्रम्पेटच्या मागे न लागता त्याचा आणि बेसचा हात धरला की गर्दी आपोआप सुटी होते. शीर्षकगीताच्या सुरुवातीला ट्रम्पेटचे सूर प्रतिध्वनीत विरत जातात. मग सगळं थांबल्यासारखं होतं आणि माइल्स चुटक्या वाजवून लय देतो. रात्री, दिवा मालवून, त्या चुटक्या ऐका. माणूस खोलीत उभा आहे असं वाटतं.

कमी आवडलेलंही आहे. 'जॉन मॅक्लॉफ्लिन' हा रेकॉर्डवरच्या गिटारवादकाच्याच नावाचा साडेचार मिनिटांचा तुकडा मला अजून अर्धवट वाटतो. त्यात माइल्स नाहीच. पण तोच मॅक्लॉफ्लिन पुढे आपल्या झाकिर हुसेनबरोबर 'शक्ती' या वाद्यवृंदात बसला, हे आठवलं की तोही कान देऊन ऐकतो.

नव्याने घेणाऱ्यांनी सरळ चौथी बाजू आधी लावावी. 'माइल्स रन्स द वूडू डाउन'चा ठेका अंगात लगेच भिनतो. तो बसत नव्हता तेव्हा तालवाद्यं वाजवायला आलेला डॉन अलायस ड्रमवर बसला आणि न्यू ऑर्लिन्सची चाल धरली, तीच राहिली. पहिली बाजू महिनाभराने. तिथे पियानोवादक जो झॉविनुलने लिहिलेली मूळ धून माइल्स ट्रम्पेटवर नीट मांडतो ती थेट सतराव्या मिनिटाच्या सुमाराला. पहिल्या रात्री मी तिच्या कितीतरी आधी सुई उचलली होती.