ऑटोमेटरमधील स्वतःच्या सर्व्हिसेस : आठ महिन्यांच्या वापरानंतर

स्कॅन केलेल्या पीडीएफमधील मजकूर शोधण्याजोगा करून देणारे एक ॲप मी वापरत असे. त्याने दरवर्षी वर्गणी मागायला सुरुवात केली. तेच काम ओसीआरमायपीडीएफ हे आज्ञा टाइप करून चालवायचे साधन फुकटात करत असताना पैसे मोजणे माझ्या जिवावर आले आणि मी ऑटोमेटर या मॅकवरच्या, ठरावीक कामे आपोआप करून घेण्याच्या ॲपमध्ये स्वतःची सर्व्हिस, म्हणजे राइट-क्लिकच्या मेनूतून चालणारी कृती, लिहिली. (2018 च्या मोहावे आवृत्तीपासून तिला क्विक ॲक्शन म्हणतात, माझ्या तोंडी जुनेच नाव बसले आहे.) फाइलींवर राइट-क्लिक करून सर्व्हिसचे नाव निवडले की फाइली जागच्या जागी बदलतात आणि शेवटी ‘काम झाले’ अशी सूचना येते.

पहिले चार महिने माझा सगळा राग ‘रन शेल स्क्रिप्ट’च्या चौकटीतील (चालवायच्या आज्ञांची यादी, म्हणजे स्क्रिप्ट, इथे लिहायची) ‘पास इनपुट’ या चिमुकल्या मेनूवर होता. निवडलेल्या फाइली स्क्रिप्टला कोणत्या मार्गाने द्यायच्या हे तो ठरवतो. तो मुळात ‘टू एसटीडीइन’वर असतो आणि त्या फाइली एकेक करून हाताळणाऱ्या माझ्या लूपला मिळाव्यात म्हणून तो ‘ॲज आर्ग्युमेंट्स’वर न्यावा लागतो. हे विसरले तर लूप एकदाही फिरत नाही आणि चूकही दाखवली जात नाही. आजवर लिहिलेल्या सात सर्व्हिसेसपैकी पाचांत मी हे विसरलो आणि प्रत्येक वेळी निर्दोष स्क्रिप्ट तपासत बसलो.

पाचव्या महिन्यात इंटेलचे यंत्र जाऊन एम मालिकेच्या चिपचे आले. लायब्ररीतील ‘सर्व्हिसेस’ फोल्डर नव्या यंत्रावर नेले, होमब्रू (ओसीआरमायपीडीएफसारखी साधने बसवून देणारा प्रोग्रॅम) नव्याने टाकले आणि सर्व काही पूर्ववत चालू झाले असे मला वाटले, कारण प्रत्येक वेळी ‘काम झाले’ ही सूचना येत होती. तीन आठवड्यांनी एका जुन्या करारातील कलम शोधायला गेलो तेव्हा एकही शब्द सापडेना. त्या काळातल्या 63 फाइली जशाच्या तशा पडून होत्या.

कारण साधे होते. इंटेलवर होमब्रूची साधने ‘यूएसआर/लोकल/बिन’मध्ये असतात, नव्या चिपवर ती ‘ऑप्ट/होमब्रू/बिन’मध्ये जातात, आणि मी जुना पत्ता स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवला होता. तो बदलूनही भागले नाही, कारण ओसीआरमायपीडीएफला टेसरॅक्ट हे अक्षरे ओळखणारे साधन लागते आणि ऑटोमेटर टर्मिनलमधला (आज्ञा टाइप करायच्या ॲपमधला) पाथ, म्हणजे साधने कोणकोणत्या फोल्डरांत शोधायची ती यादी, घेत नाही. तेव्हा स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत पूर्ण पाथ द्यावा लागला. आधीच झालेली पाने सोडून देणारा ‘स्किप-टेक्स्ट’ हा पर्याय लावून त्या फाइलींचे सगळे फोल्डर रात्रभरात पुन्हा करून घेतले.

ऑटोमेटर चुका लपवतो, असे मी तोवर ज्याला त्याला सांगत होतो. ते विधान मागे घेतो. शेल स्क्रिप्टचा निकाल म्हणजे तिच्यातील शेवटच्या आज्ञेचा निकाल, आणि माझी शेवटची आज्ञा सूचना दाखवण्याची होती. ती दर वेळी यशस्वी होत असल्याने ऑटोमेटरला बिघाड कळण्याचा मार्गच नव्हता. खोटे मीच लिहून ठेवले होते. आता चूक होताच स्क्रिप्ट थांबते आणि ऑटोमेटर तिचा मजकूर नेमकेपणाने दाखवतो.

मेनूवरचा राग मात्र तसाच आहे. तिथे कोणतीही आज्ञा फसत नाही, त्यामुळे या सुधारणेचा उपयोग नाही. म्हणून सूचनेत ‘काम झाले’ऐवजी किती फाइली मिळाल्या तो आकडा दाखवतो, 0 दिसला की स्क्रिप्ट न उघडता आधी त्या मेनूकडे पाहतो.