छोट्या गावचं वाचनालय आणि मराठी विकिपीडिया: स्वतंत्र पान करावं का?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या वाचनालयाचा अमृतमहोत्सव किंवा शताब्दी जवळ आली, की कार्यकारिणीच्या बैठकीत विषय निघतो: आपलं विकिपीडियावर पान हवं. या कामाला मराठी विकिपीडिया कितपत उपयोगी आहे, त्याचं हे परीक्षण.

आमचं मत आधीच सांगतो. सेवा चांगली आहे, पैसे लागत नाहीत आणि इथं टाकलेली माहिती वाचनालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळापेक्षा जास्त टिकते. तरीही शासनाच्या 'अ' ते 'ड' वर्गवारीतल्या बहुतेक 'क' आणि 'ड' वर्गाच्या वाचनालयांनी स्वतंत्र पानाच्या मागं लागू नये. गावाच्या पानात 'ग्रंथालय' असा विभाग करावा, तिथं सात-आठ ओळी पक्क्या संदर्भांसह लिहाव्यात. त्या ओळी सहसा उडवल्या जात नाहीत आणि वाचकही गावाच्या पानावरूनच येतो.

याचं कारण 'उल्लेखनीयता' या निकषात आहे. शासनाचा वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, सभासद, वेळा, कर्मचारी यांवरून. विश्वकोशाचा प्रश्न वेगळाच असतो: तुमच्याशी संबंध नसलेल्या कुणी, विश्वासार्ह ठिकाणी, तुमच्याविषयी सविस्तर लिहिलंय का? दाखलनोंदवहीत वीस हजार पुस्तकं असली तरी या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. 'अ' वर्ग मिळाला म्हणून पान मिळतं, असंही नाही.

गाडी अडते ती बहुधा इथंच. वार्षिक अहवाल, घटना, शताब्दीची स्मरणिका हे सगळं वाचनालयानंच छापलेलं असतं. स्थापनेचं साल किंवा पहिल्या अध्यक्षांचं नाव देण्यापुरतं ते चालतं, उल्लेखनीयता सिद्ध करायला चालत नाही. व्याख्यानमालेची बातमी पाच दैनिकांत आली आणि पाचही ठिकाणी तुमचंच प्रसिद्धीपत्रक शब्दशः छापलं असेल, तर ते पाच संदर्भ होत नाहीत. बातमीत 'कार्यक्रम अमुक वाचनालयाच्या सभागृहात झाला' एवढंच असेल, तर तो नुसता उल्लेख झाला. वार्ताहरानं स्वतः माहिती काढून लिहिलेला रविवार पुरवणीतला लेख, जिल्ह्याच्या इतिहासावरच्या पुस्तकातली दोन-तीन पानं, ग्रंथालयशास्त्राच्या नियतकालिकातला लेख असे दोन-तीन स्वतंत्र आधार हाती आले, की पान करायला हरकत नाही.

कोल्हापूरकरांची बाजू इथं इतरांपेक्षा भक्कम आहे. भारतातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानानं 1945 साली केला. मद्रासचा 1948चा आणि महाराष्ट्राचा 1967चा हे दोन्ही त्यानंतरचे. खुद्द शहरातलं करवीर नगर वाचन मंदिर 1850 साली 'नेटिव्ह लायब्ररी' म्हणून सुरू झालं, इचलकरंजीचं आपटे वाचन मंदिर 1870चं. अशा संस्थांच्या पात्रतेवर वाद घालण्याचं कारणच नाही. संस्थानकाळातल्या लहान वाचनालयांनीही शोध घ्यावा. 1886चं मुंबई इलाख्याचं कोल्हापूर गॅझेटियर आणि 1960चं जिल्हा गॅझेटियर या दोन्हींतलं शिक्षणाचं प्रकरण आधी चाळावं. मग शिवाजी विद्यापीठाच्या बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात प्रबंध आणि स्थानिक इतिहासाची पुस्तकं पाहावीत. पुराभिलेखागारातले कागद मोलाचे असतात, पण मूळ कागदावरून स्वतः निष्कर्ष काढून विकिपीडियावर लिहिता येत नाही. आधी कुणी अभ्यासकानं त्यावर लेख लिहून छापावा, मग त्याचा संदर्भ द्यावा.

संदर्भ ऑनलाइनच हवा, ही समजूत चुकीची आहे. छापील अंकही चालतो, फक्त दैनिकाचं नाव, मथळा, तारीख, पान क्रमांक आणि असल्यास लेखकाचं नाव द्यावं लागतं. म्हणून कात्रण चिकटवतानाच समासात तारीख आणि पान लिहायची सवय ग्रंथपालांनी लावावी. तारीख नसलेल्या कात्रणांचे गठ्ठे बऱ्याच कपाटांत आहेत आणि या कामाला त्यांतलं एकही उपयोगी पडत नाही. ई-पेपरचे दुवे काही महिन्यांत मोडतात, तेव्हा छापील तपशील द्यावाच.

मसुदा थेट पानावर न लिहिता सदस्य म्हणून नोंद करून आपल्या धूळपाटीवर (सरावासाठीच्या कच्च्या पानावर) तयार करावा. ग्रंथपाल किंवा पदाधिकारी लिहीत असतील तर सदस्य पानावर तसं स्पष्ट नोंदवावं. लपवलेलं उघड झालं तर चांगल्या मजकुरावरही संशय येतो. 'ज्ञानगंगा', 'अविरत सेवा', 'मानाचा तुरा' हे शब्द काढून टाकावेत. स्मरणिकेतला परिच्छेद जसाच्या तसा उतरवला तर प्रताधिकाराचा (कॉपीराइटचा) भंग म्हणून काढला जातो. फोटो स्वतः काढून विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर, चढवावेत. छायाचित्राचा प्रताधिकार भारतात 2012 पर्यंत प्रकाशनानंतर 60 वर्षं असे, त्या वर्षीच्या दुरुस्तीपासून तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो, म्हणून जुनं छायाचित्र कुणी काढलं आणि केव्हा, कुठं छापलं गेलं ते आधी शोधावं.

सेवेतल्या उणिवाही आहेत. मराठीत लक्ष ठेवणारे संपादक थोडे, त्यामुळं अपात्र पान वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. ते पाहून 'त्यांचं आहे, मग आमचं का नको?' असा वाद घातला जातो. तो टिकत नाही, कारण प्रत्येक पान आपल्याच संदर्भांवर तोललं जातं. मोबाइलवरून संदर्भाचे साचे (तयार रकाने) भरणं फार त्रासाचं, त्यासाठी संगणकच हवा. वगळण्याची चर्चा लागली तर तक्रारीचा सूर न लावता नवा स्वतंत्र आधार घेऊन चर्चापानावर जावं.

संदर्भ एकच मिळाला, तर विकिडेटावर, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीच्या माहितीकोशावर, नोंद करून ठेवावी. तिथले निकष सैल आहेत: स्थापनेचं साल, गाव, अक्षांश-रेखांश आणि वाचनालयाचं छायाचित्र एवढं संदर्भासह भरता येतं. पुढं दुसरा-तिसरा आधार सापडला, की गावाच्या पानातला विभाग उचलून स्वतंत्र पान करायला एक दुपार पुरते.