गाडी बाजूला घ्या: शेजारच्या सीटवरून पाहिलेली वाहतूक तपासणी

मी गाडी चालवायला शिकवते. त्यामुळे पोलिसाने हात करून गाडी बाजूला घ्यायला लावली की बरेचदा मी चालकाच्या शेजारी बसलेली असते. नवख्या चालकाचा जीव तेव्हा मुठीत असतो, त्याला काही दिसत नाही. मला मात्र पोलिसाची चाल, हातातला टॉर्च, आवाजाची पट्टी सगळं नीट दिसतं. आपण हॉटेलबद्दल लिहितो, गॅरेजबद्दल लिहितो, कुरियर उशिरा आलं तरी लिहितो. रस्त्यावरची तपासणी ही पण आपल्याच पैशातून चालणारी सेवा आहे. फक्त ती आपण मागवलेली नसते आणि नको म्हणून निघूनही जाता येत नाही. म्हणूनच तिच्याबद्दल जरा जास्तच कडक लिहायला हवं असं मला वाटतं.

मी सगळ्यात आधी ऐकते ते पहिलं वाक्य. 'लायसन्स काढ' हे एक. 'नमस्कार, मी वाहतूक पोलीस, तुमचा मागचा उजवा ब्रेक लाइट लागत नाहीये म्हणून थांबवलं' हे दुसरं. दुसऱ्याला जेमतेम चार सेकंद जास्त लागत असतील. पण तेवढ्यानं स्टिअरिंगवरची बोटं सैल होतात. कारण कळलं की माणूस सरळ कागद काढतो. नाही कळलं तर आपलं काय चुकलं हेच मनात शोधत बसतो, भलतीच उत्तरं देतो, आणि समोरच्याला ती उडवाउडवी वाटते. निम्मी भांडणं इथेच सुरू होतात.

एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण त्यात एकाच तपासणीत दोन्ही टोकं बघायला मिळाली. माझा एक विद्यार्थी कर्णबधिर आहे, ओठांच्या हालचालींवरून बोलणं ओळखतो. परीक्षा पास होऊन लायसन्स हातात आलेलं, स्वतःची गाडी, आणि रात्रीच्या सरावासाठी मला सोबत घेतलेलं. नाकाबंदीवर एका तरुण पोलिसाने थांबवलं आणि टॉर्च थेट त्याच्या डोळ्यांवर धरून काहीतरी विचारलं. डोळ्यांवर प्रकाश असला की समोरच्याचे ओठ दिसत नाहीत. हा गप्प. पोलिसाने आवाज चढवला, टपावर थाप मारली. मी म्हटलं, "साहेब, त्यांना ऐकू येत नाही." मला उत्तर मिळालं, "तुम्ही मध्ये बोलू नका." मग खिडकीतून हात आत घालून त्याने किल्ली काढून घेतली. विद्यार्थी पार गोठून गेला होता.

तेवढ्यात त्यांचे वरिष्ठ आले. त्यांनी आधी किल्ली परत दिली. खिडकीच्या उंचीपर्यंत वाकले आणि टॉर्च उलटा फिरवून स्वतःच्या चेहऱ्यावर धरला, ओठ दिसावेत म्हणून. तरी खात्री नको राहायला, म्हणून पावतीपुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'पुढचा डावा दिवा बंद आहे. लायसन्स दाखवा. घाई नाही.' विद्यार्थ्याने समोरच्या कप्प्याकडे बोट दाखवून खुणेनं विचारलं, त्यांनी मान हलवली, मग त्याने कागद काढले. दंड झाला. दिवा बंद होता, तेव्हा तो व्हायलाच हवा होता. पण निघताना त्याने स्वतःहून हात जोडले. काही देशांत कर्णबधिर चालकांसाठी चित्रांचं कार्ड असतं, ते दाखवून पोलीस आणि चालक दोघंही बोट ठेवून बोलू शकतात. त्या अधिकाऱ्यांकडे असं काही नव्हतं. समोरचा माणूस गप्प का आहे, एवढा एक प्रश्न त्यांना पडला होता.

दंड तोच राहिला, तरी त्यांच्याबद्दल मनात आदर उरला. ही एकट्या माझ्या विद्यार्थ्याची गोष्ट नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड पोलिसांनी २००९-१० मध्ये नेमकं हेच तपासून पाहिलं. दारूच्या तपासणीच्या ६० मोहिमांपैकी निम्म्या नेहमीसारख्या चालवल्या. उरलेल्या निम्म्यांत पोलिसांच्या हाती मुद्द्यांचं एक कार्ड दिलं: आम्ही गाड्या निवडून थांबवत नाही, कुठलीही थांबवतो हे सांगा, रस्त्यावर माणसं मरतात म्हणून हे करतो हे सांगा, चालकाला त्याचं मत विचारा, शेवटी आभार माना. अशा तपासणीला दीड मिनिटाच्या आसपास वेळ लागला, नेहमीची अर्ध्या मिनिटात उरकायची. नंतर टपालाने आलेल्या उत्तरांत कार्डवाल्या मोहिमांतल्या चालकांचं पोलिसांबद्दलचं मत स्पष्टपणे चांगलं होतं. 'एवढा वेळ कुणाला आहे' असं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते: जास्त लागला तो साधारण एक मिनिट.

पण नुसतं कार्ड पाठ करून भागत नाही. स्कॉटलंडमध्ये काही वर्षांनी असाच प्रयोग केला, आणि तिथे उलटंच झालं, लोकांचा विश्वास थोडा घटला. पुढे अभ्यासकांनी पोलिसांशी बोलून पाहिलं, तर हा कार्यक्रम वरून लादलेला वाटल्याची नाराजी त्यांच्यात होती. मला यात नवल वाटलं नाही. ज्या पोलिसाला ठाण्यात वरिष्ठ चारचौघांत घालून पाडून बोलतात, बारा-बारा तास धुरात उभं करतात, त्याच्या तोंडून रस्त्यावर गोड वाक्यं वदवून घेतली तरी ती पोकळच ऐकू येणार. नागरिकाला सन्मान द्यायचा तर तो आधी पोलिसाच्या वाट्याला यायला हवा. हे मी पोलिसांची बाजू घेऊन म्हणत नाही, खिडकीपाशी आलेला त्यांचा थकवा मला दिसतो म्हणून म्हणते.

आणि सन्मान सगळ्यांना सारखाच मिळतो का? अमेरिकेत ओकलंड शहराच्या पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांत एप्रिल २०१४ या एका महिन्यात टिपलेल्या ९८१ तपासण्यांतलं संभाषण स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी शब्दन् शब्द तपासलं. गोऱ्या चालकांशी बोलताना भाषा जास्त आदराची होती, कृष्णवर्णीयांशी कमी. गुन्हा किती गंभीर, तपासणी कुठे झाली, पोलीस स्वतः कोणत्या वंशाचा, हे सगळं जमेस धरूनही फरक उरलाच. वंशाच्या जागी पैसा, कपडे, गाडीची किंमत ठेवून बघा. महागड्या गाडीतल्या शिकाऊ चालकाला 'सर' आणि जुनाट गाडीतल्या त्याच्याच वयाच्या माणसाला 'ए, बाजूला घे' म्हटलेलं मी याच कानांनी ऐकलंय. या एका बाबतीत मी कुणालाही सूट द्यायला तयार नाही.

सगळ्यात वाईट सवय कोणती म्हणाल, तर किल्ली काढून घेणं. त्याने चालक घाबरतो, गाडी भर रस्त्यात अडकते, आणि बोलणं तिथेच संपतं. दुसरी, लायसन्स हातात धरून निघून जाणं आणि चार गाड्यांनंतर परत येणं. तिसरी, मुलांसमोर आई-बापाचा पाणउतारा करणं. मागच्या सीटवरचं मूल ते विसरत नाही.

आपल्या बाजूचंही मी शिकवते, आणि तितक्याच गांभीर्याने. गाडी सुरक्षित जागी घ्या, इंजिन बंद करा, रात्र असेल तर आतला दिवा लावा, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा. कप्प्यात हात घालण्याआधी सांगा. ओळखी काढू नका. फोन लावून 'यांच्याशी बोला' म्हणून पुढे करणं हा समोरच्या माणसाचा अपमानच आहे. दंड मान्य नसेल तर खिडकीत वाद घालू नका. पावती घ्या, वेळ आणि जागा टिपून ठेवा आणि दाद मागायची तिथे मागा.

आता गुण. पहिल्या वाक्याला मी पाचपैकी दोन देईन, कारण अजूनही बहुतेक वेळा कारण विचारल्यावरच कळतं. वेळेला चार, काम सहसा पटकन उरकतं. ऐकून घेण्याला दीड. समान वागणुकीला एकच. त्या वरिष्ठांना पाचपैकी पाच, पण ते वरिष्ठ नेमके त्या वेळी तिथे होते हा योग होता, आणि सेवा योगावर चालत नसते.

माझी मागणी साधी आहे. पावतीवर दंडाची रक्कम छापतात तशी त्याखाली तीन ओळी छापा: थांबवणाऱ्याचं नाव आणि क्रमांक, थांबवण्याचं कारण, आणि वागणुकीबद्दल तक्रार किंवा कौतुक कुठे कळवायचं तो पत्ता. मला कौतुकच कळवायचं होतं. त्या पावतीवर ते कुठे कळवायचं याची जागाच नव्हती.