मिक्स्टार्डचं पेनफिल बंद होतंय: व्हायल घ्यावी की दुसऱ्या कंपनीचं पेन?

ह्यूमन मिक्स्टार्ड या इन्सुलिनची पेनफिल, म्हणजे इंजेक्शनच्या पेनमध्ये घालायची कार्ट्रिज, भारतातून हळूहळू बंद करायचं नोव्हो नॉर्डिस्कने २०२५ मध्ये ठरवलं, व्हायल, म्हणजे सिरिंजने औषध ओढायची बाटली, मात्र चालू ठेवली. दक्षिण आफ्रिकेतल्या सरकारी दवाखान्यांत याच कंपनीच्या ह्यूमन इन्सुलिनची पेनं २०२४ मध्येच येईनाशी झाली आणि तिथले पेशंट पुन्हा व्हायल-सिरिंजवर आले. आपल्याकडे निदान निवड करायला वाव आहे. तेच इन्सुलिन व्हायलमधून घ्यायचं, किंवा दुसऱ्या कंपनीचं तसंच ३०/७० (३० टक्के लवकर आणि ७० टक्के सावकाश काम करणारं मिश्रण) घेऊन त्यांचं पेन वापरायचं. मी दोन्ही करून पाहिलं, म्हणून लिहितोय.

तिसरी वाट अ‍ॅनालॉग, म्हणजे रचनेत थोडा बदल केलेल्या नव्या इन्सुलिनची. त्यात जेवणाआधी अर्धा तास थांबावं लागत नाही, पण महिन्याचा खर्च बराच वाढतो. माझी शुगर जुन्यावर ठीक होती, त्यामुळे डॉक्टरांनीही तो विषय ताणला नाही.

मी आधी व्हायल घेतली, आणि त्यामागे विचार होता. औषध तेच, कंपनी तीच, अंगाला नवीन काही नाही. स्वस्तही पडते. १० मिलीच्या व्हायलमध्ये ४०० युनिट असतात. माझे सकाळी २०, रात्री १४, म्हणजे अकरा दिवस आरामात. पेनच्या ३ मिलीच्या कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट, आणि प्रत्येक वेळी सुईतली हवा काढायला २ युनिट सोडावे लागतात. आठवड्याला २८ युनिट असेच जातात. शिवाय ३०/७० ची हीच व्हायल राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, सरकारी दवाखान्यातही ती मिळू शकते. ज्याला दर महिन्याचा हिशोब घालूनच औषध घ्यावं लागतं, त्याला पेनच घ्या असं मी कोणत्या तोंडाने सांगू?

व्हायलमधून भरण्याची सवयही आठवड्याभरात होते. बाटली तळहातांमध्ये हलकेच फिरवायची, तळाशी बसलेला पांढरा थर मिसळून सगळं दुधासारखं एकसारखं झालं पाहिजे. जेवढे युनिट, तेवढी हवा आधी बाटलीत सोडायची, बाटली उलटी धरून दट्ट्या ओढायचा, बुडबुडा दिसला तर नखाने टिचकी मारायची. तो बुडबुडा वर सरकून निघून गेला की बरं वाटायचं. सकाळी खिडकीजवळच्या उजेडात हे छान जमतं. रात्री, लाइट गेलेली असताना, चष्मा लावूनही १४ आणि १५ च्या रेघांमध्ये मी घुटमळायचो. पण तेवढ्याने मी व्हायल सोडली नसती.

सोडली ती सिरिंजमुळे. आपल्याकडची व्हायल बहुतेक ४० ताकदीची, म्हणजे १ मिलीमध्ये ४० युनिट. कार्ट्रिज १०० ची. व्हायलसाठी लाल टोपणाची सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची असते ती १०० ताकदीसाठी. दोन्ही दिसायला सख्ख्या बहिणी. आम्ही लग्नाला लातूरकडे गेलो होतो आणि सिरिंजची पाकिटं घरीच राहिली. तिथल्या मेडिकलमध्ये "इन्सुलिनची सिरिंज द्या" म्हटलं, त्यांनी नारिंगी टोपणाची दिली. मीही टोपणाकडे पाहिलं नाही. २० च्या रेघेपर्यंत भरलं, नेहमीसारखं टोचलं. पण त्या सिरिंजवरचे २० म्हणजे फक्त ०.२ मिली, आणि माझ्या बाटलीतल्या औषधाचे तेवढ्यात ८ युनिट होतात. तीन दिवस मी निम्म्याहूनही कमी डोस घेत होतो. तहान, थकवा, रात्री चार-चार वेळा उठणं, सगळ्याचा दोष मी जिलेबीला दिला. घरी आल्यावर मशीनवर ३४२ दिसलं, तेव्हा जुनी आणि नवी सिरिंज शेजारी ठेवून पाहिली आणि पाय गळाले.

मला धक्का बसला तो उलटं घडू शकतं या विचाराने. कुणी पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजने ओढलं, तर २० च्या जागी ५० युनिट पोटात जातील. शुगर इतकी खाली जाईल की माणूस उठायचाच नाही. कार्ट्रिजमधून सिरिंजने कधीही ओढू नका, ही एवढी विनंती.

पेनमध्ये हा घोळ होत नाही. खिडकीत २० दिसलं की २० च. दुसऱ्या कंपन्यांचं ३०/७० सहज मिळतं: इन्सुजेन, ह्युमिन्सुलिन, व्होसुलिन. मी कुठलं घेतलं ते मुद्दाम सांगत नाही, कारण तुमच्या गावातल्या दोन तरी मेडिकलमध्ये जे बारा महिने असतं तेच घ्यावं असं माझं मत आहे. जुन्या पेनमध्ये नवी कार्ट्रिज बसवायला जाऊ नका. एका कंपनीची कार्ट्रिज दुसरीच्या पेनमध्ये नीट बसेलच असं नाही, आणि ओढूनताणून बसली तरी डोसचा भरवसा नाही. पेन त्याच कंपनीचं हवं. नव्या पेनचं बटण माझ्या जुन्या पेनपेक्षा कडक आहे, अंगठा दुखरा असेल तर दुकानातच दाबून पाहा. पेन फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, कार्ट्रिजचा राखीव साठा मात्र तिथेच.

उद्या हेही बंद झालं तर, ही धास्ती माझ्या मनातून गेलेली नाही. पेन जातात, व्हायल राहते, हे आता दिसलंच. म्हणून ज्यांच्या घरी डोस भरून देणारं नजर तीक्ष्ण असलेलं माणूस आहे, आणि जे सिरिंज नेहमी एकाच दुकानातून घेतात, त्यांनी व्हायलवर राहायला माझी हरकत नाही. पण जे एकटे राहतात, प्रवास करतात, ज्यांना रेघा अंधुक दिसतात, त्यांनी थोडे पैसे जास्त जाऊ द्यावेत असं मला मनापासून वाटतं. माझ्या बहिणीलाही मी हेच सांगितलं, आणि तिच्या घरातल्या उरलेल्या सिरिंज स्वतः दवाखान्यात नेऊन दिल्या.

बदल मात्र डॉक्टरांना विचारूनच करा. युनिट तेच राहतात, पण कंपनी बदलली की शुगर थोडी हलू शकते. मी पहिले दोन आठवडे फास्टिंग आणि रात्रीच्या जेवणाआधीची शुगर रोज वहीत लिहिली. ती पाहून डॉक्टरांनी सकाळचे २० चे १८ केले. रात्रीचे १४ तसेच आहेत.