एनएसएसचं सात दिवसांचं हिवाळी शिबिर: मुलीला पाठवलं, त्याचा रिव्ह्यू

डिसेंबर जवळ आला की आमच्या कॉलनीतल्या बायका हटकून विचारतात, मुलीला एनएसएसच्या कॅम्पला पाठवू का गं, रात्री झोपतात कुठे, जेवायला काय देतात, अभ्यास बुडेल का. मागच्या वर्षी मीच हे सगळं विचारत फिरत होते. आता मुलगी जाऊन आली, यंदा एसवायला आहे आणि दुसऱ्यांदा जाणारे, म्हणून सविस्तर लिहिते. मोठं होईल, पण ज्यांची मुलं अकरावी-बारावीला किंवा डिग्रीला आहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आधी थोडक्यात माहिती. राष्ट्रीय सेवा योजना म्हणजे एनएसएस, कागदोपत्री रासेयो. नाव नोंदवलं की वर्षाला 120 तास काम, दोन वर्षांत 240 तास, आणि त्यात एकदा तरी सात दिवसांचं निवासी शिबिर, बहुतेक कॉलेजच्या दत्तक गावात, म्हणजे कॉलेजने कामासाठी निवडलेल्या गावात. एवढं केलं की सर्टिफिकेट, आणि आता नवीन शैक्षणिक धोरणात डिग्रीला क्रेडिट पण मिळतात. बऱ्याच मुली त्या क्रेडिटसाठीच नाव देतात, माझीनेही त्यासाठीच दिलं होतं, त्यात वाईट काही नाही, जाऊ तर द्या.

आता खरं सांगते, माझा या शिबिरावर आधी विश्वासच नव्हता. मोठा मुलगा काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कॉलेजातून गेला होता, कॉलेजचं नाव लिहीत नाही. सात दिवसांचं शिबिर प्रत्यक्षात तीन दिवस चाललं, पहिल्या दिवशी पाहुणे, हार-नारळ, भाषणं, मग सगळ्यांच्या हातात नवे कोरे झाडू देऊन फोटो, आणि दुपारनंतर मुलं शाळेच्या व्हरांड्यात मोबाईल बघत बसलेली. गावातल्या एका माणसाने त्याला विचारलं, पोरांनो तुम्ही दरवर्षी आमचाच पार का झाडता? त्याला उत्तर देता आलं नाही आणि ते त्याला इतकं लागलं की घरी आल्यावर दोन दिवस गप्प होता. सर्टिफिकेट मात्र व्यवस्थित मिळालं. त्यामुळे मुलीने फॉर्म पुढे केला तेव्हा मी सही करायला तयार नव्हते, तिने हट्टच धरला म्हणून केली.

मुलीचं शिबिर नगर जिल्ह्यातल्याच एका गावात होतं, डोंगराच्या कडेला, थंडी मरणाची. पन्नासेक मुलं-मुली, मुली जिल्हा परिषद शाळेच्या दोन खोल्यांत आणि मुलं देवळाशेजारच्या सभामंडपात. दोन मॅडम पूर्ण सात रात्री मुलींसोबत खोलीतच झोपल्या, हे मी मुद्दाम लिहिते कारण आईला पहिली काळजी तीच असते. पहाटे साडेपाचला उठायचं, प्रभातफेरी, चहा-पोहे, मग दुपारपर्यंत श्रमदान, जेवण, बौद्धिक म्हणजे पाहुण्यांचं व्याख्यान, संध्याकाळी घरोघरी सर्व्हे, रात्री गावकऱ्यांसमोर पथनाट्य वगैरे, आणि झोपायच्या आधी गटचर्चा, म्हणजे आज काय चुकलं ते बोलायचं. टाइमटेबल बहुतेक कॉलेजांचं थोड्याफार फरकाने असंच असतं. फरक पडतो तो दुसऱ्याच गोष्टीने.

तो फरक असा, की इथल्या सरांनी मुलांच्या हातात खरं काम आणि खरे पैसे दिले. माझी मुलगी भोजन समितीची प्रमुख होती. घरी तिने कधी चार माणसांचा स्वयंपाक एकटीने केलेला नाही, आणि इथे पन्नास-पंचावन्न माणसांचा सात दिवसांचा शिधा. सरांनी तिला आणि अजून चौघांना रोख रक्कम दिली, तालुक्याच्या बाजारात पाठवलं, आणि सांगितलं की हिशोब रोज रात्री सगळ्यांसमोर वाचायचा. दोनशे पानी वही, त्यात तेल किती, तूरडाळ किती, कांदे किती, टेम्पोवाल्याला किती दिले, सगळं. ती वही मी पाहिली, दुसऱ्या दिवशीच्या पानावर चौऱ्याहत्तर रुपयांचा मेळ लागत नाही आणि खाली तिच्या अक्षरात लिहिलंय "सापडले नाहीत, जबाबदारी माझी". एकोणीस वर्षांच्या पोरीने पन्नास जणांसमोर उभं राहून हे वाचून दाखवलं. सर ओरडले नाहीत, त्यांनी लपवलंही नाही, वही तशीच पुढे चालू ठेवली. मला वाटतं तिचं अर्धं शिबिर त्या एका ओळीत झालं.

तिसऱ्या रात्री पथनाट्य बघायला आलेली गावातली लहान मुलं जेवायलाच बसली, त्यांना उठवणार कोण, आणि भात संपला. आमची बाईसाहेब रडकुंडीला आली. मग दोन मैत्रिणींना घेऊन अंधारात टॉर्च लावून वस्तीवर गेली आणि दारोदार भाकरी मागितली. तिने मला नंतर सांगितलं, मम्मी पहिल्या दारात तोंडातून शब्दच फुटेना. पण एका घरातून दोन बाजरीच्या भाकरी, दुसऱ्यातून तीन, एका म्हाताऱ्या आजींनी तर चूल विझवली होती ती परत पेटवली आणि भाकरीवर मिरचीचा ठेचा घालून दिला, वर म्हणाल्या, "पोरी, लाजतीस कशाला, शाळंत आमचीच पोरं जेवत्यात की." टोपलं भरून आलं.

हे सांगायचं कारण म्हणजे पुढचा सर्व्हे त्या भाकऱ्यांमुळेच झाला. पहिले दोन दिवस मुली छापील फॉर्म घेऊन जायच्या, त्यात प्रश्न होता घरी नळ आहे का, सगळीकडे उत्तर "आहे", फॉर्म भरला, पुढचं घर. भाकरी मागून आल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच बायकांनी त्यांना आत बोलावलं, बसवलं, आणि बोलता बोलता कळलं की नळ आहे पण पाणी कधी येईल ते कोणालाच माहीत नसतं, कधी चार दिवसांनी, कधी पहाटे तीनला, त्यामुळे घरातलं कोणीतरी मजुरी बुडवून थांबतं, आणि जास्त करून ती घरातली मुलगीच असते, शाळा बुडते. त्या रात्रीच्या गटचर्चेत मुलींनी सांगितलं की आमचा प्रश्नच चुकीचा आहे. सरांनी विचारलं, मग बरोबर कोणता? आणि त्यांनी हाताने नवा फॉर्म बनवला: पाणी कधी येतं, घरात कोण थांबतं, त्या दिवशी त्याचं काय बुडतं. सगळ्या घरांना परत गेल्या. माझ्या मते सात दिवसांतलं सगळ्यात मोठं काम हे, आणि ते ना बॅनरवर आलं ना फोटोत.

मी पाचव्या दिवशी भेटायला गेले तेव्हा श्रमदान चालू होतं, नाल्यावर वनराई बंधारा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरायची, तोंड दाभणाने सुतळी ओवून शिवायचं आणि वाहत्या नाल्यावर आडव्या रचून पाणी अडवायचं. कायमचं बांधकाम नाही, पण उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत जनावरांना पाणी राहतं, बायकांना धुणं धुता येतं, जवळच्या विहिरींनाही थोडा फायदा होतो. तर झालं होतं असं की मुलांनी उत्साहात गोण्या गच्च भरल्या, त्या टणक झाल्या, एकमेकींवर बसेनात आणि मधून पाणी सुटायला लागलं. गावातले एक बाबा काठावर बसून बघत होते, ते म्हणाले गोणी पाऊणच भरायची, म्हणजे दबते, आणि विटेसारखी सांधा मोडून लावायची.

म्हणजे दीड दिवसाचं काम उचकटायचं. त्या गटाचा लीडर कॉमर्सचा एक मुलगा होता, बारीक आवाजाचा, मॅडम म्हणाल्या हा वर्गात हजेरीलासुद्धा नीट ऐकू येत नाही. पोरं दमलेली, हाताला फोड, आणि यानेच त्यांना सांगायचं की काढा सगळं. मी काठावरूनच बघत होते. तो काहीच बोलला नाही, पाण्यात उतरला, सगळ्यात खालची गोणी स्वतः उचलली आणि तिचं शिवलेलं तोंड उसवायला लागला. मिनिटभर कोणी हललं नाही, मग एक मुलगी उतरली, मग सगळेच. संध्याकाळी पाणी अडलं, तेव्हा त्या बाबांना हाताला धरून आणलं आणि शेवटची गोणी त्यांच्याकडून लावून घेतली, ही आयडिया पण त्याच मुलाची. बौद्धिकात नेतृत्व विकास या विषयावर एक पाहुणे दीड तास बोलले होते, चांगलंच बोलले असतील, पण मुलीला त्यातलं एक वाक्य आठवत नाही आणि ही उसवलेली गोणी ती विसरणार नाही.

मुलीच्या वहीत या योजनेचा इतिहास पण आहे, तो मला आवडला म्हणून लिहिते. 1959 साली आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती आणि तिने सुचवलं होतं की शाळा संपवून कॉलेजला जाणाऱ्या सगळ्या मुलांनी नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रीय सेवा सक्तीने करावी. ती सक्ती काही आली नाही, नंतर ऐच्छिक योजना आली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 ला, 37 विद्यापीठांत 40,000 विद्यार्थी घेऊन. नऊ महिन्यांची कल्पना आणि आपल्याकडे आहेत सात दिवस, म्हणून ते सात दिवस झाडू धरून फोटो काढण्यात घालवले की मला संताप येतो.

आता कमी काय ते पण सांगते. बाथरूमची सोय अगदीच तोकडी, पन्नास जणांत निम्म्या मुली आणि शाळेचे दोनच संडास, त्यात एकाचं दार लागत नव्हतं. पहिले दोन दिवस मुली पाणी कमी प्यायच्या, हे मला घरी आल्यावर कळलं आणि खूप वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी मुलींनीच मॅडमना सांगून कडी बसवून घेतली आणि शेजारच्या दोन घरांची बाथरूम ठरवून घेतली, पण ही गोष्ट कॉलेजने जागा बघायला गेल्यावरच बघायला हवी होती. मासिक पाळीत श्रमदानाला सुट्टी आहे का हे आधी कोणी सांगितलं नव्हतं, तेही सांगायला हवं. प्रथमोपचार पेटी होती, पण फोडांना लावायचं मलम चौथ्या दिवशीच संपलं.

सगळ्यात महत्त्वाचं शिबिरानंतर. बहुतेक शिबिरं समारोपाच्या नारळाबरोबर संपतात. इथे मुलींनी सर्व्हेचा दोन पानी अहवाल लिहिला, आणि तो वाचायचा कुठे तर 26 जानेवारीच्या ग्रामसभेत. पण ग्रामसभा गावच्या मतदारांची, आमच्या मुली तिथे पाहुण्याच. मग गावातलीच एक मुलगी उभी राहिली, बारावी करून घरी बसलेली, सर्व्हेच्या वेळी रोज यांच्याबरोबर फिरायची, घरं ओळखून द्यायची. तिने आधी महिलांच्या ग्रामसभेत वाचला, मग मोठ्या ग्रामसभेत. माझी मुलगी तिच्या शेजारी पाण्याची बाटली धरून उभी होती, बोलली एक शब्द नाही. घरी आली तेव्हा इतकी खूश होती की मला वाटलं हिनेच भाषण केलं की काय. ग्रामपंचायतीने आता पाणी सोडायचे वार आणि वेळ फळ्यावर लिहायला सुरुवात केली आहे. पाणी वाढलेलं नाही, पण शाळा बुडायची थोडी थांबली, असं ती गावची मुलगी फोनवर सांगत असते. अठराव्या वर्षी मत देता येतं आणि एकविसाव्या वर्षी पंचायतीला उभं राहता येतं, आणि ती मुलगी दिवस मोजतेय असं माझी मुलगी म्हणते.

तर पाठवायचं का? पाठवा, पण आधी प्रोग्रॅम ऑफिसर सरांना, म्हणजे कॉलेजात एनएसएस बघणाऱ्या सरांना भेटून विचारा की गाव तेच आहे का गेल्या वर्षीचं, आणि हिशोब कोण ठेवतं. गाव दरवर्षी नवीन आणि हिशोब सरांच्या खिशात, असं असेल तर मुलाला स्वतःहून काही काम मागून घ्यायला सांगा, गप्प बसू देऊ नका. राज्यात पुढे आव्हानसारखी आपत्ती व्यवस्थापनाची शिबिरं असतात, उत्कर्ष नावाची सांस्कृतिक स्पर्धा असते, दिल्लीची प्रजासत्ताक दिनाची परेड असते, निवड झाली तर सोनंच, पण ती मोजक्यांना मिळते. गावातलं शिबिर त्यामानाने पुष्कळ जणांना मिळतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा संडासाचा कापला.

बरोबर द्यायचं ते: जाड पांघरूण (चादरीत भागत नाही), जुने फुलबाह्यांचे शर्ट, टॉर्च, खोबरेल तेल, फोडांचं मलम, मुलींना पॅड जास्तीचे, आणि एक दाभण नि सुतळीचं बंडल. माझीने यंदाची बॅग अजून भरली नाही, पण दाभण मात्र आठवडाभर आधीच काढून ठेवलंय, मागच्या वेळी पन्नास जणांत चारच होते म्हणे.