व्हिसिडायलचा रिपोर्ट: दिसायला जुनाट, पण कामाचा

मी एका छोट्या कॉल सेंटरमध्ये एमआयएस, म्हणजे रोजच्या आकडेवारीचे रिपोर्ट, बघते. शिफ्ट संपली की टीम लीडरचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘कोण किती वेळ पॉजवर (कॉल घेणं थांबवून) होतं?’ अ‍ॅस्टेरिस्क या फोन सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या व्हिसिडायल या ओपन सोर्स डायलरमध्ये (कॉल लावून एजंटला जोडून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) त्याचं उत्तर एजंट टाइम डिटेल रिपोर्टमध्ये मिळतं. पॉज, वेट (पुढच्या कॉलची वाट), टॉक (बोलणं), डिस्पो (कॉलनंतर त्याचा निकाल नोंदवणं) आणि डेड असे वेगवेगळे रकाने. त्यातला डेड माझा लाडका! ग्राहकाने फोन ठेवला, तरी एजंट कॉल न सोडता बसून राहिला, तो वेळ इथे उघडा पडतो. नुसता टॉक बघणाऱ्याला तो कधीच कळत नाही.

पॉज कोड, म्हणजे पॉज घेण्याची कारणं, मात्र नीट लावायला हवीत. हे कोड प्रत्येक कॅम्पेनसाठी (कॉलिंगच्या प्रत्येक मोहिमेसाठी) वेगळे बनवावे लागतात, आणि सेटिंग ‘फोर्स’वर असेल तरच एजंटला कारण निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कोड मोजकेच ठेवा: जेवण, चहा, ट्रेनिंग, मीटिंग. पंधरा कोड दिले की सगळे पहिलाच दाबतात. रिपोर्टमध्ये ‘लॅग्ड’ हा कोड दिसला तर पोराला ओरडू नका, त्याचं कनेक्शन तुटलेलं असतं.

स्क्रीन म्हणाल तर रंगरूप यथातथाच, आकडे एकमेकांना चिकटलेले. मी सरळ सीएसव्ही फाइल उतरवून एक्सेलमध्ये घेते. लायसन्सचे पैसे नाहीत, पण सर्व्हर सांभाळणारा लिनक्सवाला माणूस हवाच. पाचपैकी चार.