दिवाळीच्या सुट्टीत गळ कुठे टाकायचा, हरिहरेश्वरचा कातळ की बाणकोटची खाडी?

खडकवासला-मुळशीला रोहू-कटला काढणारे आमच्या ग्रुपमधले दोघं-तिघं यंदा पहिल्यांदा खाऱ्या पाण्यात उतरणार आहेत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, ताम्हिणी उतरून पाच-सव्वापाच तास गाडी हाणत जायचंच तर समुद्रावर उभं राहायचं की खाडीत शिरायचं. गंमत म्हणजे दोन्ही एकाच ठिकाणी मिळतं. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री महाडवरून खाली येते आणि हरिहरेश्वरच्या दक्षिणेला बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते, म्हणजे सकाळी कातळावर आणि दुपारी बागमांडल्याच्या जेटीच्या पुढे खाडीत असं एका मुक्कामात करता येतं. पण दोन्ही धड होत नाही हे मी करून बघितलंय, कारण सामान वेगळं लागतं, वेळ वेगळी लागते आणि मुख्य म्हणजे तिथी वेगळी लागते. निवड तिथंच ठरते, सुट्टी कधी आहे त्यावर नाही.

आधी तिथीचंच सांगतो. कोकणातले लोक भरती काढतात ती साध्या हिशोबानं, तिथीला पाऊणनं गुणायचं, आलं तेवढे वाजता पूर्ण भरती, आणि तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर मोजणी परत एकपासून. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे पहाटे तीनला भरती आणि सकाळी नऊला ओहोटी. नवमीला पावणेसातला भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं म्हणून मोबाईलवर टाईड टेबल बघाच, पण घरबसल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून प्लॅन ठरवायला हे पुरतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी खूप चढतं खूप उतरतं, अष्टमीच्या आसपास भांग, पाण्याची चाल मंद.

आता लक्ष्मीपूजन म्हणजे अमावस्या, म्हणजे अर्धं पुणं कोकणात जातं ते नेमकं उधाणावर. त्या दोन-तीन दिवसांत कातळावर नवीन माणसानं जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. सकाळी सहाला ओहोटी असते, खडक लांबपर्यंत उघडा दिसतो, माणूस पुढे पुढे जातो आणि नऊपर्यंत मागची घळ पाण्यानं भरलेली असते. मी एकदा असाच अडकलोय, कमरेएवढ्या पाण्यातून येताना लाटेनं बॅग नेली आणि मित्राचा पाय कालवांवर असा कापला की टाके घालायला म्हसळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत रुमाल लालभडक झाला होता. आणि देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर तर रॉड घेऊन जाऊच नका, ती देवाची वाट आहे आणि तिथे लाटांनी माणसं ओढून नेलेली आहेत.

मग कातळ कधी? नवमी-दशमीला, म्हणजे कार्तिकी एकादशीच्या आधीचे दोन दिवस. उजाडतानाच भरती पूर्ण असते त्यामुळे खडकाच्या पायथ्याशी खोली मिळते, आणि तुम्ही उभे राहिल्यावर पाणी उतरतच जाणार असतं त्यामुळे मागची वाट बंद व्हायची भीती राहत नाही. शिवाय सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो, तो पाठीवर असला की लूर, म्हणजे नकली आमिष, लांब जातो आणि समुद्र सपाट असतो, दुपारी खारा वारा सुटला की तोंडावर शिंतोडे आणि लाईनला पोट पडतं, मग उगाच उभं राहू नये. पावसाळा संपल्यापासून पाणी हळूहळू निवळत चाललंय, लाटेच्या फेसाच्या कडेला तांबोशी, खडकाच्या कपारीत गोब्रा, आणि नशीब असेल तर ट्रेव्हाली. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात वादळं होतात आणि ती लांब असली तरी त्यांच्या लाटा इथवर येतात, वर आकाश निळं आणि खाली अचानक मोठी लाट, म्हणून निघण्याआधी हैदराबादच्या इन्कॉइसचा, म्हणजे समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा, उंच लाटांचा इशारा आहे का ते बघून घ्या.

खाडीचं गणित उलटं आहे. तिथे मला चतुर्थी-पंचमी हवी, म्हणजे भाऊबीज उरकली की दोन-तीन दिवसांनी. उधाणात पाणी तिवरांच्या मुळांपर्यंत चढलेलं असतं, बोईची पिल्लं आणि कोळंबी आत शिरलेली असतात, आणि ओहोटीला ती सगळी खाजणातल्या छोट्या छोट्या चरांतून बाहेर यायला लागतात. जिताडा त्या चराच्या तोंडाशी दबा धरून असतो. चतुर्थी-पंचमीला ही शेवटची दोन-तीन तासांची ओहोटी बरोबर सूर्योदयापासून नऊ-पावणेदहापर्यंत मिळते आणि उधाणाचा जोर ओसरल्यामुळे पाणी अगदीच गढूळही नसतं. जितकं आत जाल तितकी वेळ उशिरा सरकते, ती ध्यानात ठेवायची. वरून येणारं पावसाचं गोडं पाणी आता कमी होत चाललंय, खारं पाणी परत आत चढतंय, मासाही त्याच्याबरोबर आत येतो.

जिताडा खातो तेव्हा आवाज येतो. तोंड उघडून पाण्यासकट आमिष ओढतो, बोदकन, जसं रिकामी कळशी पाण्यात दाबावी तसं. तो आवाज तिवरांत झाला की सगळे होडीत बोलायचे थांबतात. लागल्यावर मात्र पहिल्या पाच सेकंदात त्याला मुळांपासून बाहेर ओढायचा, नाहीतर संपलं. गलफडाची कड ब्लेडसारखी असते, हात घालू नका आणि लीडर, म्हणजे गळाआधीचा जाड दोरा, चाळीस एलबीच्या (पाउंडांच्या) खाली ठेवू नका.

सामानाचं थोडक्यात. खाडीला सात-साडेसात फुटी रॉड, तीन-चार हजार साईझचं रील, वीस-तीस एलबीची ब्रेड म्हणजे विणलेली लाईन, आणि लूरमध्ये उथळ चालणारे मिन्नो आणि सॉफ्ट प्लास्टिक. कातळाला नऊ-दहा फुटी रॉड, पाच-सहा हजार साईझचं रील, लूरमध्ये मेटल जिग आणि पॉपर, आणि खिळ्यांचे बूट, साधे स्पोर्ट्स शूज शेवाळावर चालत नाहीत. धरणावरचा तुमचा कार्प रॉड खाडीत जिवंत कोळंबी लावून एकवेळ चालेल, कातळावर नाही. कातळावर लूर अडकून तुटतात ते वेगळंच, पहिल्या दिवशी चार-पाच गेले तरी दचकू नका. खाडीत तो खर्च होडीवर जातो, पैसे आदल्या संध्याकाळीच ठरवा, लाईफ जॅकेट मागा आणि होडीवाले काका जिथे थांबतील तिथे थांबा, त्यांचं ऐका. दोन्हीकडे शिंगाळा किंवा पाकट लागला तर काटा विषारी असतो, पकडीनंच गळ काढायचा. वर महाड-दासगावच्या बाजूला मगरी आहेत, तिकडे काठावर पाण्यात पाय घालून उभं राहायचं नाही. तिवरांच्या फांद्या लूर सोडवायला तोडू नका, पांढरी चिप्पी २०२० पासून राज्याचा कांदळवन वृक्ष आहे, आणि ती झाडं गेली की जिताडाही गेला. घरी आल्यावर रील गोड्या पाण्यानं धुवा, एक रात्र विसरलात तर मीठ बेअरिंगमध्ये बसतं.

मोठ्या जिताड्याबद्दल एक विनंती आहे. रायगडात जावई आला की जिताडा करतात, मान मोठा आहे आणि चवही तशीच, मी खातो. पण हा मासा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे दहा-बारा किलोचा जो फोटोसाठी हवा असतो तो बहुतेक मादीच, आणि तीच पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी अंडी घालते. दोन-तीन किलोचा एक घरी न्या. मोठा लागला तर होडीच्या कडेला पाण्यातच उभा धरा, तोंड प्रवाहाकडे, गलफडं उघडझाप व्हायला लागतात, मग शेपूट तुमच्या मनगटावर जोरात आपटते आणि तो स्वतःच जातो.

तर पहिल्यांदा जाणाऱ्यांनी खाडी घ्या, लक्ष्मीपूजनाचं बुकिंग झालं असेल तर ते पुढे ढकला आणि पांडवपंचमीच्या पहाटे बागमांडल्याला होडीत बसा. माझं स्वतःचं नवमीचं ठरलंय, कातळावर, सव्वासहाला. ज्यांच्याकडे बूट आहेत त्यांनीच या.